निवलेला की निजलेला?

गेल्या महिन्यात पाटणकर बाजारात एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या घरी बसलो होतो. त्यांच्या नातवाची मुंज ठरली आहे आणि आमंत्रितांची यादी चालली होती. नाना मोठ्या काटेकोरपणे एकेक नाव वाचीत होते आणि पुढे खूण करीत होते. एका नावापाशी त्यांची पेन्सिल थांबली. ते नाव त्यांच्या चुलत भावाचे. बावीस वर्षांपूर्वी वाड्याच्या वाटणीवरून शब्दाला शब्द वाढला, त्या भावाने हात उगारला, आणि तो हात नुसता उगारलेला राहिला नाही. तेव्हापासून येणेजाणे बंद आहे. "आता तो पुष्कळ निवला आहे असे म्हणतात," नाना म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी मलाच विचारले, "पण निवला आहे की नुसता निजला आहे, हे ओळखायचे कसे हो?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. चहा घेऊन घरी परतलो. योगायोग असा, की त्याच सुमारास मी अंदमानाच्या पूर्वेकडील एका बेटाविषयी वाचीत होतो आणि तेथेही हाच प्रश्न शे-सव्वाशे वर्षे विचारला जात आहे. फरक इतकाच, की तेथे तो माणसाविषयी नसून पर्वताविषयी आहे.

आपल्या भाषेने या बाबतीत फार सूक्ष्म भेद करून ठेवले आहेत. दूध निवते, चूल विझते, पूर ओसरतो, तंटा मिटतो, आणि राग मात्र या सर्व क्रियापदांचा आश्रय घेतो. ज्यांच्या घरी लाकडाची चूल होती त्यांना आठवत असेल, की रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवीत आणि पहाटे राख बाजूला सारून फुंकर घालीत. बाहेरून पाहणाऱ्यास चूल विझलेली दिसे. घरातील बाईला ठाऊक असे, की ती विझलेली नाही. शाळेच्या भूगोलातही ज्वालामुखींचे तीन प्रकार आपण घोकले होते: जागृत, निद्रिस्त आणि मृत. तिन्ही शब्द सजीवांचे आहेत. दगडाला झोप येते आणि मरण येते, असे बालवयात शिकताना त्यात काही विचित्र आहे असे कोणालाच वाटले नव्हते.

त्या बेटाचे नाव नारकोंडम. अंदमान म्हटले की मराठी मनापुढे सेल्युलर जेल उभे राहते, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ ते १९२१ या काळात तेथे भोगलेली शिक्षा उभी राहते, आणि आपले अंदमान बहुधा तेथेच संपते. त्या तुरुंगाच्या ईशान्येस, खुल्या समुद्रात, उत्तर अंदमानाच्या किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर हे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे सात चौरस किलोमीटरांच्या आसपास. पण त्या एवढ्याशा जागेतून पर्वत उभा राहतो तो सातशे दहा मीटर. आपल्या किल्ल्याची टेकडी शहरापासून सुमारे शंभर मीटर उंच आहे. तशा सात टेकड्या एकीवर एक ठेवाव्यात, सभोवती समुद्र असावा, आणि अंगभर इतके दाट अरण्य असावे की खडक कोठे दिसू नये. शिवाय हे झाले पाण्यावरचे. त्या पर्वताचा पाया समुद्रतळावर आहे, म्हणजे जे दिसते तो केवळ माथा आहे.

तो उभा राहिला कसा, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या विचाराला त्याची गरज आहे. भारतीय भूपट्ट ईशान्येकडे सरकतो आहे हे आपण हिमालयाच्या संदर्भात ऐकलेले असते. हिमालयात दोन भूखंड एकमेकांवर आदळले. अंदमानापाशी मात्र हाच भूपट्ट समुद्राखालून पूर्वेकडच्या भूपट्टाच्या पोटात शिरतो. खाली जाताना तो आपल्याबरोबर समुद्राचा गाळ आणि खनिजांत बद्ध झालेले पाणी नेतो. शेकडो अंशांच्या उष्णतेत आणि प्रचंड दाबाखाली ते पाणी सुटते आणि वरच्या तप्त खडकात मुरते. पाणी मुरलेला खडक कोरड्या खडकापेक्षा कमी तापमानाला वितळतो. म्हणून तेथे शिलारस होतो, हलका असल्याने वर चढतो आणि वाट मिळेल तेथे बाहेर येतो. पाण्याने अग्नी विझतो हे आपल्या घरचे ज्ञान. पृथ्वीच्या पोटात पाण्यानेच अग्नीला वाट मिळते, ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा कितीतरी वेळ मी पुस्तक मिटून बसलो होतो.

असे ज्वालामुखी एकटेदुकटे नसतात, त्यांची ओळ असते. म्यानमारमधील पोपा पर्वत, मग नारकोंडम, मग सुमारे एकशे पस्तीस किलोमीटर दक्षिणेस बॅरन बेट, आणि पुढे सुमात्रा. एकाच ओळीतली भावंडे म्हणावीत. पण भावंडांचे स्वभाव एक असतात असे कोठे आहे? बॅरनचा शिलारस मुख्यतः बेसॉल्ट जातीचा, म्हणजे सिलिका कमी असलेला आणि म्हणून पातळ. नारकोंडमचा अँडेसाइट आणि डेसाइट जातीचा, सिलिका अधिक असलेला आणि म्हणून घट्ट. पाकाची उपमा द्यायची तर एकतारी पाक ताटात पसरतो आणि गोळीबंद पाक जागच्या जागी बसतो. घट्ट शिलारस तोंडापाशीच साचतो, घुमटासारखा फुगतो, त्यावर पुढचा थर चढतो, मध्येच कोंडलेल्या वायूने स्फोट झाला की राख आणि दगडधोंडे पडतात, पुन्हा थर. अशा थराथरांनी रचलेला उभट शंकू म्हणजे स्तरज्वालामुखी. पातळ रसाचा स्वभाव वाहून मोकळे होण्याचा असतो, घट्ट रसाचा स्वभाव साठवण्याचा. यावरून माणसांविषयी काही सुचत असेल तर ते वाचकांचे त्यांनी ताडून पाहावे. मला आमच्याच घराण्यातील दोन शाखा आठवल्या.

आता नावाची गोष्ट. नारकोंडम हे नाव संस्कृतातील 'नरककुंड' या शब्दावरून आले असावे, असा तर्क एकोणिसाव्या शतकात हेन्री यूल यांनी मांडला. प्राचीन काळी भारतीय नाविकांनी तेथे अग्नी पाहिला असेल आणि हे नरकाचे तोंड आहे असे त्यांना वाटले असेल, अशी ती कल्पना. परंतु भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एफ. आर. मॅलेट यांनी दोन्ही बेटे प्रत्यक्ष पाहिली आणि त्यांवर प्रबंध लिहिला. १८८५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना नारकोंडमवर कुंड असे दिसेनाच. माथ्यावर विवर नाही, उतारांवर पावसाने कोरलेल्या खोल घळी, आणि सर्वत्र अरण्य. कित्येक सहस्र वर्षांत येथे अग्नी दिसला नसावा, असे त्यांचे मत पडले. उलट बॅरन बेटावर सुमारे दोन किलोमीटर रुंदीचे, उंच कड्यांनी वेढलेले खरेखुरे कुंड आहे, मध्ये शंकू आहे, आणि १७८७ पासून तेथील उद्रेकांच्या नोंदी आहेत. तेव्हा 'नरककुंड' हे नाव मुळात बॅरनचे असावे आणि नकाशे करणाऱ्यांच्या गोंधळात ते शेजाऱ्याला चिकटले असावे, अशी शंका मॅलेट यांनी यूल यांना कळविली.

हा तर्क खरा असेल तर काय झाले पाहा. जो आग ओकतो त्याचे नाव 'बॅरन', म्हणजे नुसते ओसाड. जो शतकानुशतके हिरवा आणि मुका आहे, त्याच्या कपाळी नरक. भाऊबंदकीतही असेच होते. ज्याने एकदा मोठा आवाज केला त्याच्या नावावर पुढच्या साऱ्या पिढ्यांचे भांडण लिहिले जाते, आणि कधीकधी तर आवाज दुसऱ्याचाच असतो.

पण मला येथे घाई करायची नाही. नारकोंडम निरुपद्रवी आहे आणि आपण त्याची बदनामी केली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि ते खरे ठरेलच असे नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ या पर्वताला मृत म्हणत आले. २६ डिसेंबर २००४ चा प्रलयंकारी भूकंप आणि त्सुनामी आपल्या सर्वांना आठवते. पुढे २००५ च्या जून महिन्यात नारकोंडमवर चिखल आणि धूर दिसल्याची वार्ता आली. मोठे असे काही घडले नाही. परंतु आज त्याची गणना बहुधा 'निद्रिस्त'मध्ये केली जाते. बॅरनचे उदाहरणही शेजारीच होते: दीडशेहून अधिक वर्षे तोही गप्प होता, मग १९९१ मध्ये जागा झाला, १९९४-९५ मध्ये पुन्हा, आणि २००५ पासून अधूनमधून धुमसतोच आहे.

मृत हा शब्द किती बेताने वापरावा याचे याहून कठोर उदाहरण पापुआ न्यू गिनीमध्ये आहे. तेथे लॅमिंग्टन नावाचा पर्वत आहे, उष्ण कटिबंधातला, अरण्याने झाकलेला, स्तरज्वालामुखीच. १९५१ पर्यंत भूशास्त्रज्ञांच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव ज्वालामुखी म्हणून नव्हते. मृत म्हणण्याइतकीही त्याची दखल कोणी घेतली नव्हती. त्या जानेवारीत जमीन हादरू लागली, उतारांवर दरडी कोसळल्या, माथ्यावरून धूर निघाला. अधिकाऱ्यांनी लोकांना हलविले नाही. २१ जानेवारीस पर्वताची एक बाजू फुटली आणि तप्त राख व वायूंचा लोट उतारावरून धावला. सुमारे तीन हजार माणसे गेली.

हे वाचले की मनात येते, सावध असलेले बरे, प्रत्येक डोंगराला निद्रिस्तच समजावे. फिलिपाईन्समधील पिनातुबो पर्वताने ही सावधगिरी सार्थही ठरविली. सुमारे पाचशे वर्षांच्या झोपेनंतर तो १९९१ मध्ये जागा होऊ लागला तेव्हा शास्त्रज्ञांनी उपकरणे लावली, भूकंप मोजले, निघणारा वायू मोजला आणि सहस्रावधी लोकांना वेळेत हलविले. १५ जूनच्या महास्फोटाच्या दिवशीच वादळ आले, पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळली आणि त्यातच बहुतेक मृत्यू झाले. तरी जे टळले ते फार मोठे होते.

परंतु सावधगिरीलाही किंमत असते, आणि ती देणारा दुसराच कोणी असतो. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर सूफ्रिएर नावाचा ज्वालामुखी आहे. १९७६ साली तो धुमसू लागला. शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद झाले, अखेर सुमारे सत्तर हजार लोकांना घरेदारे, शेती, शाळा सोडून कित्येक महिने बाहेर राहावे लागले. मोठा उद्रेक झालाच नाही. ज्यांनी हलविले त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण उद्रेक होणार नाही हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते. पण त्या सत्तर हजारांपैकी एखाद्याने परतल्यावर आपल्या कुजलेल्या पिकाकडे पाहून काय म्हटले असेल, याचा विचार केल्याशिवाय 'सावध असलेले बरे' हे वाक्य उच्चारू नये, असे मात्र मला वाटते.

या ठिकाणी मला आमच्या आजोबांविषयी सांगावेसे वाटते. लष्करात आमचे जुने घर होते, तेथे आजोबा दुपारी ओसरीवर बसून चिमण्यांना कण्या टाकीत. इतका मऊ मनुष्य आम्हां नातवंडांना दुसरा ठाऊक नव्हता. परंतु तरुणपणी ते विलक्षण कोपिष्ट होते, असे मोठी माणसे आपसांत कुजबुजत. एकदा रागाच्या भरात भरल्या ताटावरून उठून त्यांनी धाकट्या भावास घराबाहेर घातले होते. तो भाऊ उज्जैनीस गेला आणि परतला नाही. आमची आजी त्यानंतर चाळीस वर्षे त्या भावाचे नाव आजोबांसमोर उच्चारीत नसे. उज्जैनीचा विषय निघाला तर ती काहीतरी निमित्त काढून बोलणे वळवी. सिंहस्थाची गोष्टसुद्धा आमच्या घरात बेताने होई.

एके दिवशी त्या भावाचा मुलगा लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभा राहिला. आजीने आम्हां मुलांना माडीवर पाठविले, हे मला स्पष्ट आठवते, आणि जिन्याच्या कठड्यातून आम्ही पाहत होतो हेही. आजोबांनी पत्रिका वाचली. उलटून पुन्हा वाचली. मग त्यांनी त्या मुलास विचारले, "तुझ्या वडिलांचा दमा कसा आहे?" कोणालाही ठाऊक नसताना त्या भावाच्या दम्याची वार्ता त्यांना होती. लग्नास ते गेले. अक्षता टाकल्या, आहेर केला आणि न जेवता परत आले. दोघे भाऊ एकमेकांशी बोलले की नाही, हे आम्हांला कोणी सांगितले नाही.

आजोबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी आजी एकदा म्हणाली, "माझं भिणं काही खोटं नव्हतं. मी तो दिवस पाहिला होता. पण माझ्या भिण्यानं त्यांना भावाचं नाव काढायला जागाच ठेवली नाही." हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. त्यात तिने स्वतःला दोषही दिला नाही आणि सोडूनही दिले नाही.

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. क्रोधाच्या मुळाशी असलेला द्वेष हा या क्लेशांपैकीच. उदार म्हणजे पूर्ण प्रकट झालेला, आपल्या भाषेत जागृत. विच्छिन्न म्हणजे मधूनमधून उफाळणारा, तनु म्हणजे क्षीण झालेला. आणि प्रसुप्त म्हणजे बीजरूपाने असलेला, पण प्रकट न झालेला. व्यासभाष्यात याच्याही पलीकडची एक अवस्था सांगितली आहे, ती दग्धबीजाची. भाजलेला दाणा दिसायला दाण्यासारखाच असतो, पण पेरला तरी उगवत नाही. प्रसुप्त बीज आणि दग्ध बीज यांतला भेद डोळ्यांनी दिसत नाही. तो कळतो आलंबन समोर आल्यावर, म्हणजे ज्या विषयाने क्लेश जागा व्हायचा तो विषय पुढे उभा राहिल्यावर. प्रसुप्त असेल तर तो उठेल, दग्ध असेल तर उठणार नाही.

भाष्यकारांची ही कसोटी तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र तिच्यात एक व्यावहारिक अडचण आहे: कसोटी घेतल्याशिवाय उत्तर मिळत नाही, आणि उत्तर प्रतिकूल आले तर कसोटी घेण्याची वेळ निघून गेलेली असते. योगी ही परीक्षा स्वतःच्या चित्तावर घेतो, तेव्हा फळ त्याचे त्यालाच मिळते. नानांनी ती चुलत भावावर घ्यावी, आणि त्यासाठी मांडव आठ वर्षांच्या बटूच्या मुंजीचा असावा, हे न्याय्य आहे काय? पत्रिका पाठवायची, आणि मातृभोजनाच्या पंगतीत तो मनुष्य कसा वागतो हे श्वास रोखून पाहायचे. मूल त्या परीक्षेचे उपकरण होते. उलट, पत्रिकाच पाठवायची नाही असे ठरविले तर तो भाऊ नाहक सूफ्रिएरच्या विस्थापितांसारखा आपल्याच कुळाबाहेर राहतो, आणि तो खरोखर निवला आहे हे कधी कोणाला कळणारच नाही.

आपण राहतो त्या भूमीत खरोखर मेलेला अग्नी आहे, हेही या विचारात आठवल्याशिवाय राहत नाही. ग्वाल्हेरच्या परिसरातील जुन्या खडकांत काळसर अग्निजन्य दगडाचे थर घुसलेले आहेत. सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीचे ते आहेत असे मानतात. आपले पूर्वज ज्या मुलुखातून आले, त्या साताऱ्या-पुण्याकडचा काळा दगडही अग्नीचाच, पण पुष्कळ अलीकडचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहिलेला तो रस दख्खनपासून माळव्यापर्यंत पसरला आहे. काळ्या दगडाच्या घरांतून निघालेली माणसे येथे बदामी वालुकाश्माच्या कमानींखाली येऊन राहिली. या दोन्ही मुलुखांतल्या त्या अग्नींना मृत म्हणताना कोणत्याही भूशास्त्रज्ञाची लेखणी अडत नाही, कारण त्यांना रस पुरविणारी खालची यंत्रणाच उरलेली नाही. नारकोंडमखाली मात्र भूपट्टाचे खाली जाणे आजही चालूच आहे. मला वाटते, मृत आणि निद्रिस्त यांतला खरा भेद किती वर्षे लोटली यात नसून खालून पुरवठा चालू आहे की नाही यात असावा. बावीस वर्षे हा आकडा आपल्याला काहीच सांगत नाही. वाड्याचा तंटा मिटला आहे काय, त्या जिन्याच्या हक्काचे काय झाले, दोघांची मुले एकमेकांविषयी काय ऐकत मोठी झाली, हे विचारले पाहिजे.

नारकोंडमची गोष्ट धनेश पक्ष्याशिवाय पुरी होणार नाही. या नरकाच्या नावाच्या पर्वतावर धनेशाची एक जात राहते, आणि ती जगात फक्त तेथेच राहते. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. नराची मान तांबूस, मादीची काळी, शेपूट दोघांचेही पांढरे. मादी वृक्षाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपते, आणि एका बारीक फटीतून नर तिला आणि पिल्लांना फळे भरवितो. अंजीर-वडाच्या वंशातील वृक्षांनी भरलेले ते अरण्य त्यांच्यावर आणि ते त्या अरण्यावर अवलंबून आहेत, कारण बिया तेच पसरवितात. पोलीस चौकीसाठी नेलेल्या शेळ्या तेथे रानटी होऊन वाढल्या आणि कोवळी रोपे खाऊ लागल्या, तेव्हा त्यांना हलवावे लागले. १९७७ मध्ये बेट अभयारण्य झाले. म्हैसूरच्या नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनचे रोहित नानिवडेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे केलेल्या गणनेत तेथे सुमारे एक हजार धनेश असावेत असा अंदाज निघाला. सात चौरस किलोमीटरांत हजार. जगात इतकी दाट वस्ती धनेशाच्या दुसऱ्या जातीची आढळलेली नाही.

तटरक्षक दलास त्या बेटावर रडार बसवायचे होते. २०१२ साली पर्यावरण मंत्रालयाने धनेशासाठी परवानगी नाकारली, २०१४ साली नव्या सरकारात ती दिली गेली. तेव्हा पर्यावरणमंत्री आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर होते. सीमेचे रक्षण हा पोरखेळ नव्हे, आणि म्यानमारशी सागरी सीमेचा करार १९८६ साली होईपर्यंत या बेटाचे स्वामित्वही वादातीत नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही मला २०१२ चा नकार अधिक विचारी वाटतो. रडारला दुसरी जागा शोधता येते, धनेशाला दुसरे बेट नाही. पण या वादातील एक गोष्ट माझ्या मनात अधिक राहिली. दोन्ही बाजूंनी त्या पर्वताच्या झोपेचा विषय क्वचितच निघाला. रडार बांधणाऱ्यांनी तो मेला आहे असे धरून चालावे हे समजते. धनेशाने काय धरले आहे? त्याने कसलेही अनुमान न करता घट्ट शिलारसाच्या उतारावर घर केले, शेकडो पिढ्या केले, आणि पर्वताचा जो स्वभाव आज आहे त्याच्याशी आपले जगणे जुळवून घेतले. त्याचे हे धाडस आहे की अज्ञान, हे मी ठरवू शकत नाही. माणसाला मात्र तेवढे अज्ञान परवडत नाही, आणि दुर्दैवाने तेवढे धाडसही साधत नाही.

पिनातुबोच्या शास्त्रज्ञांनी पर्वताला डिवचून पाहिले नव्हते. ते जवळ गेले, कान जमिनीला लावला, बारीक हादरे मोजले, श्वासातला वायू तपासला. जवळ जाण्यात त्यांचा स्वतःचा जीव पणाला होता, गावकऱ्यांचा नव्हता. व्यासभाष्यातील आलंबन एकदम पुढे उभे करणे आणि दूर राहून काहीच न करणे, या दोहोंमधली ही तिसरी वाट आहे. आमच्या आजीला ती सुचली नाही असे मी म्हणत नाही. त्या काळी, त्या घरात, ती वाट चालण्याची मोकळीक तिला होती की नाही याविषयीच मला शंका आहे. नानांना ती आहे.

म्हणून मी पुन्हा पाटणकर बाजारात गेलो आणि त्यांना सांगितले, की पत्रिकेचे मागाहून पाहू. आधी आपण दोघे त्यांच्याकडे जाऊ, मुंजीचा विषय न काढता घटकाभर बसू. काही बिघडलेच तर ते आपल्या दोघांचे बिघडेल. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जिन्याचा विषय त्याने काढला तर?" मी म्हटले, काढला तर ऐकून घेऊ. त्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते माझ्या अपेक्षेबाहेरचे होते. "नाही," ते म्हणाले, "जिन्याच्या बाबतीत चूक माझ्याकडेही होती. ते मला आधी सांगावे लागेल." बावीस वर्षे ज्याच्या झोपेची चौकशी चालली होती तो पर्वत एकटाच नव्हता, हे मला तेव्हा कळले.

रविवारी सकाळी जायचे ठरले आहे. रिकाम्या हाताने जाऊ नये यावर आमचे एकमत आहे, पण काय न्यावे यावर अजून नाही. नानांच्या मनात पेढे आहेत, आणि त्यांच्या घरातून सांगणे आले आहे की त्या भावाला मधुमेह आहे, तेव्हा फळे न्यावीत.